उजव्या गालावरचा व्रण

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर आमचं एसटीडीचं दुकान होतं. पिवळी पाटी, काचेची केबिन, एक झेरॉक्स मशीन आणि पुढं आलेला फॅक्स. जोडीला टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं द्यायचो. आमचे मिस्टर एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्यामुळं दुकान माझ्याच गळ्यात. अशा जागी बसलेल्या बाईला अख्खं गाव कळतं. कोण कुणाला फोन करतं, किती वेळ करतं आणि फोन ठेवल्यावर तोंड कसं होतं, एवढं पाहिलं की माणूस समजायला दुसरं काही लागत नाही, असं मला वाटायचं. मुरलीआप्पा भेटले आणि माझा हा गर्व उतरला.

आमच्या केबिनच्या दाराला खाली वीतभर फट होती. आत उभ्या माणसाचे पाय तेवढे त्यातून दिसायचे. वहाणा, स्लीपर, पोलिसांचे तपकिरी बूट. आणि एक जोड पांढऱ्या बुटांचा. आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून फिरणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर डोक्यानं सैल. आप्पा दोन्ही नव्हते. ते प्रोड्युसर होते.

आमच्याकडं विहीर काढतात तसा आप्पांनी पिक्चर काढला होता, 'पहारा इभ्रतीचा'. त्या विहिरीला पाणी काही लागलं नाही. शिरूरला सहा दिवस चालला, दौंडला चार. मग टॉकीजमधून उतरला आणि जत्रांच्या तंबूत गेला. तिथं मात्र तो वर्षानुवर्षं फिरत राहिला. नवा पिक्चर मिळाला नाही की तंबूवाले तोच लावायचे. पिक्चरनं आप्पांचं काय काय नेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुहूर्ताला घेतलेले पांढरे बूट तेवढे शिल्लक राहिले, आणि एक सवय.

सवयीचं नाव कंटिन्यूटी. शूटिंग म्हणे तुकड्यातुकड्यांनी होतं. आज माणूस घरातून बाहेर पडतो आणि आठ दिवसांनी अंगणात पाऊल टाकतो. पडद्यावर दोन्ही लगोलग दिसणार, तेव्हा सदऱ्याचं बटण, टोपीचा कल, हातातली काठी सगळं जसंच्या तसं हवं. त्याची नोंद ठेवायला एक वेगळा माणूस असतो. आप्पांकडं तो नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच शंभरपानी वही घातली होती. डोक्याच्या जागी शून्य, हातापायांच्या काड्या, आणि बाण मारून बारीक अक्षरात, 'घड्याळ डावा हात', 'कुंकू जरा फिसकटलेलं'. इतकं जपूनही पिक्चरमध्ये एक चूक राहिली होती आणि टॉकीजमध्ये पब्लिक त्या चुकीला खो-खो हसलं होतं. कुठली चूक, ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "ऱ्हाऊ द्या ताई" म्हणाले आणि बुटावरची नसलेली धूळ झटकली.

वार्ताहर झाले तेही अपघातानं, आणि अगदी खऱ्या अपघातानं. नगर रोडला पुलाजवळ ट्रक उलटला. पुण्याच्या एका पेपरचा इथला माणूस मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. ऑफिसातून आमच्या दुकानात फोन आला, अपघात कुणी पाहिलाय का. आप्पा तेव्हा पिक्चरच्या वितरकाला फोन लावायला आले होते आणि येताना पुलावरून आले होते. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"लांबून सुरू करतो," आप्पा म्हणाले. "पूल. पलीकडनं ट्रक. आता जवळ या. डायवरच्या डाव्या पायात चप्पल हाय, उजवा पाय मोकळा. उजवी चप्पल ब्रेकखाली अडकल्याली. मालक सांगतोय डायवर झोपला व्हता. झोपल्याला माणूस इतक्या जोरात ब्रेक हानील व्हय?"

पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचं नाव काय. "नाव ऱ्हाऊ द्या. बातमी लिवून घ्या." त्या दिवसापासून गुन्हे आणि अपघात आप्पांकडं आले. शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड, सगळा पट्टा. पेपरात नाव कधी नाही. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. बातमी फॅक्सला मी घालायची, त्यामुळं ती पहिल्यांदा वाचायचा मान माझा.

जिथं माणूस मेलं असेल तिथं ते बूट काढायचे. दोन्ही बूट एका हातात धरून अनवाणी पुढं जायचे. उन्हाळ्यात, काट्याकुट्यात, रुळाच्या खडीवरसुद्धा. एकदा एक हवालदार माझ्यादेखत म्हणाला, "आप्पा, काचा हायती. बूट घाला की."

"माणूस पडलंय तिथं," आप्पा म्हणाले. "देवळात काय घालून जाता?" आणि दोन पावलं पुढं जाऊन वळून म्हणाले, "शिवाय पंचनाम्यात माझ्या बुटाचा ठसा नको. उगं तुमाला वैताग."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी मिस्टरांना सांगितलं, की मी आज एक मोठा माणूस पाहिला. ते म्हणाले, कोण आमदार आला होता काय.

आता कबुतराची गोष्ट सांगायलाच हवी. बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं ओरड केली, की चोर छताचा पत्रा उचकटून आत उतरले आणि माल नेला. पंचनामा झाला, विम्याचे कागद तयार झाले, चार पेपरवाले लिहून घेऊन गेले. आप्पा मात्र शिडी मागवून वर चढले आणि बराच वेळ खाली येईनात. उतरल्यावर दुकानदाराला एवढंच विचारलं, "शेठ, घरटं कवापासनं हाय?"

उचकटलेल्या पत्र्याच्या बरोबर खाली, आडव्या लाकडावर, कबुतराचं घरटं होतं आणि त्यात दोन अंडी. उतरायची वाट तेवढीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत धाडसी चोरी होती. आप्पांच्या बातमीत आरोप नव्हता, टोमणा नव्हता. शेवटचं वाक्य होतं, 'पत्र्याखालील घरट्यातील कबुतराची दोन्ही अंडी सुखरूप आहेत.' फॅक्स करताना मी हसू दाबत होते. फौजदारांनीही ते वाक्य वाचलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत दुकानदाराला चोरीचा माल आपल्याच मेव्हण्याच्या गोडाऊनमध्ये असल्याचं आठवलं.

त्यांच्या बातमीत 'नराधम' नसायचा, 'सराईत' नसायचा. ऑफिसवाले असले शब्द घालायचे आणि आप्पा दुसऱ्या दिवशी फोनवर भांडायचे. "सराईत म्हंजी काय ताई?" मला विचारायचे. "सराव झाल्याला. आपुन त्याची तालीम घ्यायला गेल्तो काय?" मी त्यांच्या पिक्चरवरून त्यांना पुष्कळ चिडवलंय, पण यावरून कधी नाही.

आणि आता म्हाकूमामा.

म्हाकूमामा न्हावऱ्याच्या पलीकडचे. वाडवडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. यांच्या पिढीला कॅनॉलचं पाणी मिळालं आणि पाय थांबले. थोडी शेती, थोडी मेंढरं. सहा फूट उंच, दोरखंडासारख्या मिशा आणि धुळीनं कायम लाल झालेले डोळे. पिक्चर काढायचं ठरल्यावर आप्पांनी त्यांना बाजारात पाहिलं आणि मागं लागून त्यांना दरोडेखोर केलं. पिक्चरमधल्या दरोडेखोराचं नाव कोयत्या.

माणूस आतून लोण्याचा. आवाज इतका बारीक, की पिक्चरमध्ये पुण्याच्या कुणाचा तरी जाड आवाज भरावा लागला. हिरॉइनच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढायचा सीन झाला, की म्हाकूमामा खाली वाकून तिच्या पाया पडायचे, "माय, चुकलं." सीन सात वेळा घेतला. सातही वेळा पाया पडले. हे आप्पा मला रंगवून सांगायचे आणि आम्ही हसायचो.

पण तंबू गावोगाव फिरत होता. म्हाकूमामा बाजारात दिसले की लोक ओरडायचे, "ए कोयत्या." एसटीचा कंडक्टर म्हणायचा, "कोयत्या, पुढं सरक." बाया पोरांना दम द्यायच्या, "जेव, न्हाई तर कोयत्याला बोलवीन." म्हाकूमामा ओशाळवाणं हसायचे. आपलं नाव गेलं याची तक्रार कुणाकडं करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. आप्पाही हसायचे. "पिच्चर पडला ताई, पन कॅरेक्टर चाललं बघा," असं म्हणालेले मला आठवतात.

मग दौंडच्या बाजूला एका वस्तीवर दरोडा पडला. झेंडू-शेवंती पिकवणारं कुटुंब होतं. म्हाताऱ्या सासऱ्याचं डोकं फोडलं, सुनेच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं. दरोडेखोरांनी तोंडाला फडकी बांधलेली होती. एकाचं फडकं सरकलं आणि त्याचा चेहरा सुनेनं, हौसाबाईनं, पाहिला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण आधी चुकले तरी तिथल्या माणसांनी पुढं जे केलं ते चांगलंच केलं.

दोन दिवसांनी सकाळी आप्पा दुकानात आले. ठाण्यातला ओळखीचा हवालदार फोनवर सांगत होता आणि आप्पा काउंटरवर वही ठेवून उतरवून घेत होते. एकाला धरलंय. बाईनं वळखलं. मी कान देऊन ऐकत होते.

"नाव?" आप्पांनी विचारलं. मग पेन थांबलं. "कोन म्हाकू?" उत्तर ऐकून म्हणाले, "बाईनं खूण काय सांगितली?"

पलीकडून उत्तर आलं. आप्पांनी वहीत शून्य काढलं.

"गालावर व्रण. कंच्या गालावर?" ते ऐकत राहिले. "उजव्या? का डाव्या? परत सांगा. कागद बघून सांगा."

त्या शून्याच्या उजव्या गालावर त्यांनी एक रेघ मारली आणि तिच्याकडं बघत बसले. रिसीव्हरमधून हवालदार हॅलो हॅलो करत होता, शेवटी मीच रिसीव्हर काढून घेऊन ठेवला. त्या दिवशी फॅक्सला कागद लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पेपरात मोठ्या अक्षरात आलं, 'पडद्यावरचा कोयत्या निघाला खरा दरोडेखोर'. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी लोक मोठ्यानं वाचत होते आणि बोटं चाटल्यासारखी मजा घेत होते. आप्पांच्या ऑफिसातून फोन आला. आप्पांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, त्यामुळं मलाही ऐकू येत होतं. पिक्चर तुमचा, व्हिलन तुमचा, आणि बातमी दुसऱ्याकडं? आज पाठवा, नाही तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल.

"बघा," आप्पा म्हणाले. "माझी बातमी पुरी झाल्याली न्हाई."

फोन ठेवून ते बाकावर बसले. मी म्हटलं, "आप्पा, म्हाकूमामांच्या गालावर तर साधा ओरखडा नाही."

"न्हाई ना. साहेब म्हन्त्यात, रंगवला आसंल."

"असं कुठं असतं?"

"बराबर म्हन्त्यात," आप्पा म्हणाले. "रंगवलाच व्हता. मी."

मग त्यांनी ती चूक मला सांगितली. कोयत्याचा व्रण सगळ्या पिक्चरभर डाव्या गालावर. पोस्टरवरसुद्धा डाव्याच. वस्तीवरच्या दरोड्याचा सीन होता त्या दिवशी मेकअपवाल्याची बायको बाळंत झाली आणि तो सकाळीच पुण्याला गेला. ऊन उतरत चाललेलं. आप्पांनी कुंकू आणि काजळ तेलात कालवलं आणि बोटानं व्रण ओढला.

"समोर हुबा ऱ्हायलो," आप्पा म्हणाले आणि माझ्यासमोर उभं राहून दाखवलं, "आन् माझ्या डाव्या अंगाचा गाल रंगवला. त्यो त्याचा उजवा. रंगवत बसलो म्हून वही भरली न्हाई. त्या दिसाचं पान कोरं हाय. टॉकीजमधी कोनतरी वरडलं, 'गाल बदलला रं,' आन् समदी हासली."

आप्पा पुन्हा बाकावर बसले.

"साऱ्या पिच्चरमधी उजव्या गालाचा सीन त्यो येकच. बाईनं म्हाकूला न्हाई बघितलं ताई. बाईनं माझी चूक बघितली." मग म्हणाले, "तुमचा व्हिडिओ मोकळा हाय का?"

पिक्चरची एकच कॅसेट आप्पांकडं होती, धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली. आमच्या मशीनचं हेड सारखं खराब व्हायचं आणि ते स्पिरिट लावून, कोऱ्या कागदानं पुसून ताळ्यावर आणायची विद्या फक्त मला येत होती. म्हणून दुकानाला कुलूप घातलं आणि मीही निघाले. एका ओळखीच्याचा टेम्पो मिळाला. मांडीवर गोधडीत बांधलेला टीव्ही घेऊन मी, शेजारी मांडीवर व्हिडिओ घेऊन आप्पा.

आधी हौसाबाईच्या वस्तीवर गेलो. अंगण सारवून घेतलेलं होतं. आप्पांनी कडेलाच बूट काढले. सासरा डोक्याला पट्टी बांधून ओसरीवर पडलेला. हौसाबाई चाळिशीची, रोडकी, नजर सारखी दाराकडं जाणारी.

"बाई, तुमच्या जत्रंला तंबू येतो का?" आप्पांनी विचारलं.

"येतो की."

"काय काय बघितलं?"

"येक देवाचा बघितला. आन् त्यो कोयत्याचा. दोनदा." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "त्याचं काय?"

"मी काय सांगत न्हाई. सांगनं बराबर न्हाई. ठान्यात येता का? तुमीच बघा आन् तुमीच बोला."

ती सासऱ्याकडं बघायला लागली. म्हातारा म्हणाला, "जा. खरं काय ते होऊ दे." ती दिराला बरोबर घेऊन आली.

ठाण्यातले फौजदार तरुण होते, नवीन आलेले. आप्पांकडं आणि टीव्हीकडं बघून म्हणाले, "तुमचा माणूस म्हणून सोडवायला आलात?"

"माझाच माणूस हाय," आप्पा म्हणाले. "पन सोडवायला न्हाई आलो साहेब. माझा गुन्हा सांगायला आलो."

टेबलावरच्या फायली बाजूला करून टीव्ही ठेवला. मी हेड पुसलं. चित्र हललं, आडव्या रेघा आल्या, मग स्थिर झालं. दारात हवालदारांची गर्दी झाली. आप्पांनी कॅसेट नेमकी लावून दिली होती. पडद्यावर संध्याकाळचा उजेड, एक वस्ती, कुत्रं भुंकतंय. कोयत्या अंगणात आला. तोंडावरचं फडकं सरकलं. त्यानं बाईच्या गळ्याला हात घातला आणि मान वळवली. उजव्या गालावर लालकाळा, बोटभर व्रण.

हौसाबाईनं पदर तोंडात धरला. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच त्यो. असाच वळला."

तेवढ्यात आतल्या कोठडीतून बारीक आवाज आला, "माय, चुकलं."

एक हवालदार ताडकन वळला. "साहेब, कबूल केलं त्यानं."

आप्पांनी डोळे मिटले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, ह्या सीनला त्यो परत्येक टायमाला तसंच म्हनायचा. हिरॉइनच्या पाया पडून. आताबी आवाज आयकला आन् म्हनला."

फौजदार काही बोलणार तोच हौसाबाईनं विचारलं, "आत कोन बोललं?"

"ज्याला तू ओळखलंस तो," फौजदार म्हणाले.

"ह्यो आवाज न्हाई," हौसाबाई म्हणाली. "त्यो जाड आवाजात शिव्या देत व्हता. ह्यो न्हाई."

आप्पा टीव्हीजवळ गेले. पडद्यावरचं चित्र मी थांबवून धरलेलं होतं. त्यांनी त्या गालावर बोट ठेवलं. "बाई, ह्यो व्रण मी काढलाय. ह्या बोटानं. आन् चुकून उजव्या गालावर काढलाय. ताई, फुडलं दावा." मी कॅसेट पुढं नेली. डावा गाल. आणखी पुढं. डावाच. फौजदारांनी मला पुन्हा मागं न्यायला लावलं. उजवा. मग जबाबाचा कागद काढून वाचला. पुन्हा पुढं. डावा.

हौसाबाई खाली बसली. "म्हंजी मी पिच्चरमधलं सांगितलं? मी येका गरिबाला..."

आप्पा तिच्यासमोर फरशीवर बसले. पांढरी पँट, साठीला आलेला माणूस. "तुमी खोटं न्हाई बोलला माय. भ्यालेल्या माणसाला जे तोंड आठवतं ते त्यो सांगतो. तोंड मी दिलं व्हतं."

मी त्या खोलीत उभी होते. माणूस आपली चूक कबूल करतो तेव्हा निम्मी दुसऱ्याच्या पदरात टाकतो, हे मी आयुष्यभर पाहत आलेय, स्वतःही केलंय. या माणसानं ती सगळीच्या सगळी उचलून घेतली, आणि ती सुद्धा गर्दीपुढं, ज्या चुकीला एकदा सगळी टॉकीज हसली होती तीच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हातात रिमोट होता म्हणून पडले नाही.

हौसाबाईनं नवा जबाब दिला. फौजदारांनी सरळपणानं सगळं पुन्हा तपासलं आणि तीन दिवसांनी म्हाकूमामा सुटले. तो दरोडा खरा कुणी घातला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुटले त्या दिवशी आप्पांनी बातमी लिहिली. पहिलंच वाक्य होतं, 'ज्या व्रणावरून म्हाकू यांना दरोडेखोर ठरवण्यात आले, तो व्रण मी काढला होता.' कागद फॅक्समध्ये जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, ऑफिसातून फोन आला.

"आप्पा, बातमीत 'मी' नसतो. तेवढा काढून टाकतो."

"काढू नका," आप्पा म्हणाले. "ह्या बातमीत दुसरा आरोपीच न्हाई. 'मी' काढला तर उरतंय कोन?"

बातमी जशीच्या तशी आली. वर त्यांचं नाव आलं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. लोकांनी वाचली, थोडे दिवस बोलले. पण पेपर रद्दीत जातो आणि तोंडाला लागलेलं नाव जात नाही. पुढच्याच बाजारी म्हाकूमामा मेथीच्या जुड्या घेऊन चालले होते आणि मागून हाक आली, "ए कोयत्या, सुटलास व्हय?" मामांची मान खाली गेली. सोबत आप्पा होते. ते वळले आणि म्हणाले, "ओ. बोला."

हाक मारणारा गडबडला. "तुमाला न्हाई आप्पा. ह्याला."

"ह्यांचं नाव म्हाकू हाय. कोयत्या मी. माझ्या डोक्यातनं निघाला, माझ्या बोटानं रंगला. काय काम व्हतं?"

त्यानंतर त्यांनी हा नेमच धरला. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुणी कोयत्या म्हटलं की आप्पांचं "ओ" ठरलेलं. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. आपलं नाव घेतल्यावर माणूस वळतो तसे वळायचे. लोक आधी हसले. मग कंटाळले. मग सवय झाली. मीच एकदा म्हटलं, "आप्पा, किती वर्षं असं ओ देत फिरणार?"

"कंटिन्यूटी हाय ताई," ते म्हणाले. "मधीच सोडली तर पब्लिकला दिसतं."

पुढं मोबाईल आले आणि आमचं दुकान बंद झालं. फॅक्स भंगारात गेला. आप्पांच्या बातम्या कमी झाल्या, मग थांबल्या. मधली काही वर्षं गाठ नव्हती. माझी मुलगी दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिलेली. तिच्याकडून एकदा पुण्याला निघाले होते, दुपारच्या शटलनं. खिडकीत बसले आणि समोरच्या फलाटावर आधी पांढरे बूट दिसले.

बूट कडेनं पिवळे पडले होते, एक नाडी तपकिरी होती. आप्पा वाळून काटकुळे झालेले. शेजारी म्हाकूमामा, डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदू काढून आणलेला. दोघांच्या मधे एक पिशवी आणि कागदावर शेंगा. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण गाडी हलली.

एक चहावाला किटली घेऊन फलाटावरून चालला होता, विशीतला, त्यानं तो पिक्चर कधी पाहिला असणं शक्य नव्हतं. तो लांबूनच ओरडला, "ओ कोयत्याआप्पा, च्या देऊ का?"

आप्पांनी हात वर केला. "ओ. दोन दे."

म्हाकूमामांनी मान वर केली नाही. ते आपले शेंगा सोलत होते.